नशा उतरली, तरी नजर निवळत नाही

नशेने पैसा जातो, शरीर खंगते, घरदार बसते, हे आपण सारे जाणतो. परंतु नशा उतरून महिने लोटले तरी नजरेत विकृती राहू शकते, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. आपल्या मैलूरची मुले शिक्षणासाठी हैदराबाद, पुणे, बेंगळूर येथे राहतात, सुटीत गोव्यास जातात. सबब पालकांनी हा विषय समजून घ्यावा.

ह्या विकाराचा मुख्य संबंध एल.एस.डी. ह्या द्रव्याशी आहे. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, त्याच कुळातील बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातील द्रव्यांचा अभ्यास करताना स्वित्झर्लंडमधील आल्बर्ट हॉफमन ह्यांनी १९३८ साली ते प्रथम तयार केले. १९४३ साली त्यांनी स्वतः घेतलेली मात्रा अवघी २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग होती. तेवढ्यानेही ते घाबरून गेले. पुढे हिप्पी मंडळींबरोबर हे द्रव्य गोव्याच्या हणजुणे किनाऱ्यावर पोचले. ते टिपकागदाच्या नखाएवढ्या तुकड्यावर विकतात, त्यामुळे घरात सापडले तरी ओळखू येत नाही.

नशेचा अंमल काही तासांत सरतो. क्वचित एखाद्यास मात्र पुढेही दिव्यांभोवती वलये दिसतात. बस पुढे गेली तरी तिच्यामागे तिच्याच पुसट प्रतिमा रेंगाळतात. कोऱ्या भिंतीवर बारीक ठिपके वळवळतात. काळ्या बिदरी सुरईवरील चांदीची वेलबुट्टी पाहून नजर वळवावी, तर ती वेल समोरच्या भिंतीवरही दिसत राहावी, असा हा प्रकार. एकदाच घेतलेल्यासही तो झाल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचीत त्यास १९८७ साली स्थान मिळाले. मेंदूच्या दृष्टिकेंद्रात जुनी प्रतिमा पुसून टाकणारी यंत्रणा दुबळी होत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

म्हणूनच चष्मेवाल्याकडे तपासणी निर्दोष निघते, आणि मग आजी दृष्ट काढते! मुलगा वेडा झालेला नसतो. दिसते ते खरे नव्हे, हे त्यास पक्के कळत असते. वेडात नेमके हेच कळत नाही. भीतीने तो बोलत नाही, आणि खरा घात येथे होतो. कारण नशेची गोष्ट डॉक्टरांपासून लपविल्यास भलतेच औषध मिळू शकते. वेडावर देतात त्या रिस्पेरिडोनने काही रुग्णांचा हा त्रास उलट वाढल्याची नोंद आहे. क्लोनाझेपाम, लॅमोट्रिजिन ह्यांनी काहींस उतार पडतो. तीही तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. पुष्कळांचा त्रास नशा सोडल्यावर हळूहळू ओसरतो. गांजाने मात्र तो पुन्हा उफाळू शकतो.

दारू प्याल्यानंतर नजर धूसर झाली, तर ते प्रकरण निराळे. तेथे मिथेनॉलचा संशय धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत अशा विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली.

बीदरच्या ब्रिम्स रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांस दाखविता येते. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत विनामूल्य बोलता येते.