लाउंजचं बिल कोण भरतं?

बिझनेस क्लासचं तिकीट काढलं की विमानतळावरच्या लाउंजचं दार आपोआप उघडतं, असं बहुतेकजण धरूनच चालतात. पण दारावरचा कर्मचारी बोर्डिंग पास स्कॅन करतो तेव्हा पाहायचं असतं ते एवढंच, की या माणसाचे पैसे कोण देणार? अनेक विमानतळांवर लाउंज चालवणारी कंपनी वेगळी असते आणि विमान कंपनी तिला माणशी ठरलेली रक्कम मोजते. हे ध्यानात घेतलं की नियमांचा गुंता बराच सुटतो.

गैरसमज: बिझनेस क्लासच्या प्रत्येक तिकिटात लाउंज असतोच.
वस्तुस्थिती: शेजारशेजारच्या दोन सीटवर दोन वेगळ्या भाड्यांचे प्रवासी असू शकतात. एमिरेट्सने 2019 मध्ये बिझनेसचं 'स्पेशल' भाडं आणलं. त्यात लाउंज नाही आणि घरून विमानतळावर सोडणारी गाडीही नाही. कतार एअरवेजचं 'बिझनेस लाइट' आणि फिनएअरचं 'बिझनेस लाइट' त्याच पठडीतली. फिनएअरच्या या भाड्यात तर चेक-इन सामानही धरलेलं नसतं. विमानातली सीट मात्र तीच. भाडं उतरतं ते जमिनीवरच्या सोयी कापून.

गैरसमज: देशांतर्गत प्रवासालाही हाच नियम.
वस्तुस्थिती: अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना डॅलस ते शिकागो प्रवासात याचा हमखास अनुभव येतो. फर्स्ट क्लासचं देशांतर्गत तिकीट दाखवूनही अमेरिकन एअरलाइन्सच्या अॅडमिरल्स क्लबमध्ये सहसा सोडत नाहीत. त्यासाठी क्लबचं सदस्यत्व किंवा ठरावीक क्रेडिट कार्ड लागतं. हा क्लब 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर सुरू झाला, तेव्हा तर निमंत्रणाशिवाय प्रवेशच नव्हता.

गैरसमज: सोबत एकाला नेता येतं.
वस्तुस्थिती: स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या समूहाच्या नियमानुसार बिझनेसचं तिकीट फक्त त्या प्रवाशापुरतं. नवरा बिझनेसमध्ये आणि बायको इकॉनॉमीत असेल, तर तिला बाहेर बसावं लागतं. गंमत म्हणजे याच समूहाचं गोल्ड कार्ड असलेला प्रवासी इकॉनॉमीचं तिकीट असतानाही आत जातो आणि सोबत एक पाहुणा नेऊ शकतो. एअर इंडिया 2014 पासून या समूहात आहे, त्यामुळे आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवाशांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

गैरसमज: उतरल्यावरही लाउंजमध्ये जाता येतं.
वस्तुस्थिती: बहुतेक लाउंज निघणाऱ्यांसाठी असतात. लंडनच्या हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजचा आहे तसा, उतरल्यावर अंघोळ आणि नाश्त्याची सोय करणारा लाउंज विरळाच. विमान बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी. वनवर्ल्ड समूहात लांबच्या आंतरराष्ट्रीय बिझनेस प्रवासाला जोडून त्याच दिवशी समूहाचंच छोटं उड्डाण असेल, तर ते इकॉनॉमीचं असलं तरी साधारणपणे लाउंज मिळतो.

गैरसमज: बँकेच्या कार्डावर मिळणारा लाउंज दुय्यम दर्जाचा.
वस्तुस्थिती: विमान कंपनीचा स्वतःचा लाउंज नसेल, तर तिचे बिझनेस प्रवासी आणि 2 रुपयांत कार्ड स्वाइप करून आलेले प्रवासी बऱ्याचदा एकाच काउंटरवरून इडली-उपमा वाढून घेतात. एकाचे पैसे विमान कंपनी देते, दुसऱ्याचे बँक. म्हणूनच 'लाइट' तिकीटवाल्यालाही कार्डाच्या जोरावर आत जाता येतं. मात्र आता अनेक बँका तिमाहीत ठरावीक खर्च झाल्याशिवाय ही सवलत देत नाहीत.

गैरसमज: विमानाची वेळ झाली की लाउंजवाले सांगतील.
वस्तुस्थिती: कित्येक लाउंजमध्ये घोषणा होतच नाहीत. गेट साधारण 20-25 मिनिटं आधी बंद होतं आणि मुंबईच्या टर्मिनल 2 वर लाउंजपासून गेटपर्यंतची चाल काही कमी नाही.

तेव्हा तिकीट काढताना 'बिझनेस' या शब्दावर न थांबता भाड्याचं नाव आणि त्याखालची सोयींची यादी वाचावी. परदेशी कंपनीचं विमान असेल तर चेक-इन काउंटरवर बोर्डिंग पाससोबत लाउंजचं वेगळं कार्ड मिळतं का, हे तिथेच विचारून घ्यावं. इमिग्रेशन ओलांडल्यावर त्यासाठी काउंटरवर परत येणं सोपं नसतं.