घरच्या बागेतील छुपी गळती

घराभोवतीच्या बागेला ठिबकने पाणी देणारी व्यवस्था साधारणतः तीन टप्प्यांची असते: टाकीपासून मुख्य व्हॉल्व्हपर्यंतची नळी, तिथून फिल्टरमार्गे जमिनीखालून जाणारी पीव्हीसीची सबमेन आणि तिच्यातून निघून झाडांच्या बुंध्यांपर्यंत पोहोचणाऱ्या काळ्या लॅटरल. व्हॉल्व्हच्या अलीकडच्या नळीत चोवीस तास पाणी दाबाखाली असते, म्हणून तिथली गळती रात्रंदिवस चालते. व्हॉल्व्हच्या पलीकडची गळती मात्र बागेला पाणी सुरू असतानाच वाहते आणि ओल्या मातीत सहज लपून जाते. त्यामुळे पाणी बाग बंद असताना जाते की चालू असताना, याचा उलगडा आधी करावा लागतो. त्याआधीच कुदळ घेतली तर अंगण उकरले जाते आणि गळती जागच्या जागी राहते.

दहा मिनिटांत पाव लिटरचा पेला भरेल एवढी बारीक धार दिवसाला ३६ लिटर आणि महिन्याला हजार लिटरांहून जास्त पाणी घालवते. एवढी धार मुरमाड जमीन सहज पिऊन टाकते; वर ओलसुद्धा दिसत नाही.

बंद अवस्थेतील गळती पकडायला टाकी हेच उत्तम माप आहे. पाण्याच्या मीटरवर बारीक प्रवाहानेही फिरणारी छोटी चकती असते, पण अनेक गावांत पाणी ठरावीक वेळीच येते आणि बाग टाकीवर चालते. तिथे मीटरचा उपयोग फारसा होत नाही. रात्री टाकीत येणारे पाणी आणि घरात जाणारी नळी बंद करावी, बागेकडची नळी तेवढी उघडी ठेवून मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा आणि पाण्याच्या पातळीवर खूण करावी. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर सुमारे ८ लिटर पाणी गेले असे समजावे. सकाळी पातळी दोन सेंटिमीटर खाली असेल, तर रात्रीतून १६ लिटर गेले.

पण हे पाणी नळीतूनच गेले असे लगेच म्हणता येत नाही. बंद केलेला व्हॉल्व्ह आतून झिजलेला असला तर तोही पाणी पुढे सोडतो. बागेतील सर्वांत खालच्या जागेचा ड्रिपर पाहिला की हे कळते. पाणी बंद केल्यावर तो थोडा वेळ ठिबकणारच, कारण नळीत उरलेले पाणी उताराने तिथे उतरते. त्यात दोष नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही तो ठिबकत असेल, तर व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

चालू अवस्थेतील गळती हिशेबाने उघडी पडते. ताशी ४ लिटरचे ४० ड्रिपर असतील, तर १५ मिनिटांत ४० लिटर पाणी लागावे, म्हणजे वरच्या टाकीत पातळी जेमतेम पाच सेंटिमीटर उतरावी. ती आठ सेंटिमीटर उतरली तर वरचे बावीस-चोवीस लिटर कुठे गेले, हे शोधायला हवे. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. ड्रिपरवर छापलेला आकडा साधारण दहा मीटर उंचीवरून मिळणाऱ्या दाबाचा असतो. गच्चीवरच्या बागेत टाकी दोन-अडीच मीटरच वर असते आणि साध्या ड्रिपरमधून तिथे निम्मेच पाणी येते. म्हणून छापील आकड्यावर विसंबू नये. चार-सहा ड्रिपरखाली फुलपात्रे ठेवून तीन मिनिटांचे पाणी मापावे: ताशी ४ लिटरला २०० मिलिलिटर, ताशी २ लिटरला १००. सगळीकडचे पाणी सारखेच कमी भरले, तर दाब कमी आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. एका ओळीत अमुक जागेपुढे ते एकदम घटले, तर गळती त्या जागेच्या आसपास असते.

ओळ समजली नाही, तर निम्म्या लॅटरल दुमडून बांधाव्यात आणि टाकी पुन्हा मापावी. मग उरलेल्यांतील निम्म्या. आठ ओळींची बाग तीन फेऱ्यांत एका ओळीवर येते.

आता मातीकडे वळता येते. एकाच झाडाचा अवाजवी जोम, फरशीखाली खचलेली माती, सावलीतले शेवाळ, क्षारांचा पांढरा थर या खुणा बोलक्या असतात. ठिबकचा जन्मच अशा एका खुणेतून झाल्याचे सांगतात. १९३०च्या दशकात अभियंता सिम्खा ब्लास यांच्या नजरेस एक झाड आले. पाणी न घालताही ते शेजारच्या झाडांहून कितीतरी मोठे झाले होते. खाली उकरल्यावर नळीच्या सांध्यातून होणारी बारीक गळती सापडली. पुढे १९६५ साली इस्रायलमधील हात्झेरिम किब्बुत्झमध्ये ठिबकचे उत्पादन उभे राहिले.

खूण दिसते तिथेच गळती असते असे नाही. नळीसाठी खणलेल्या चरातली माती भुसभुशीत राहते आणि पाणी त्या चरातून उताराकडे धावते, म्हणून ओलीपासून चढाच्या दिशेने शोध घ्यावा. काळ्या मातीत ओल आडवी पसरते, पण उन्हाळ्यातल्या भेगांतून पाणी थेट खोल उतरते. कोकणच्या जांभ्यात ते सरळ खाली जाते आणि वर काहीच दिसत नाही. अशा ठिकाणी पातळ सळई वीतभर अंतराने जमिनीत खुपसून पाहावी. बाहेर काढल्यावर टोकाला चिखल चिकटला, तर तिथे उकरावे. कानाला सळई लावून आवाज ऐकण्याची युक्ती शहराच्या मोठ्या दाबाच्या जलवाहिन्यांवर चालते, टाकीच्या दाबावर तिचा फारसा भरवसा नाही. पाऊस सरून जमीन वाळली की शोधाला योग्य काळ सुरू होतो.

सापडणारी कारणे बहुधा ठरलेली असतात: खुरप्याचा घाव, खारीने किंवा उंदराने कुरतडलेली लॅटरल, लॅटरल सबमेनला जोडणारे चिरलेले रबरी ग्रोमेट, उन्हाने ताणून सैल झालेला जॉइनर, सोल्युशन सुकण्याआधीच पाणी सोडलेला पीव्हीसीचा सांधा. लॅटरलवर चिकटपट्टी टिकत नाही. खराब तुकडा कापून, नळीची टोके गरम पाण्यात मऊ करून जॉइनर घट्ट बसवावा. जुन्या भोकात प्लग ठोकावा. पीव्हीसीचा सांधा कोरडा आणि स्वच्छ करून जोडावा, डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा आणि पाणी चालवून पाहिल्यानंतरच चर बुजवावा.

मोठी गळती बंद झाल्यावर नळीतला दाब वाढतो आणि आतापर्यंत तग धरून राहिलेला एखादा कमकुवत सांधा गळू लागतो. म्हणून टाकीच्या दोन्ही चाचण्या दुरुस्तीच्या दिवशी एकदा आणि आठवड्याने पुन्हा कराव्या लागतात.