विश्लेषण : जंतू सापडूनही प्लेग का आवरला नाही? मुंबईतील साथीने रोगाविषयीची समजूत कशी बदलली?

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत प्लेगची साथ आली. म्हणजे साथ आली तेव्हा रोगाचे कारण ठाऊक होते. तरीही पुढची काही वर्षे सरकारी यंत्रणा भिंतींना चुना फासत, गटारे धूत आणि माणसांना घराबाहेर काढत राहिली. प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे १८९८ मध्ये मांडले गेले. पण ते मान्य व्हायला आणखी आठ ते दहा वर्षे लागली. वैज्ञानिक क्रांती म्हणजे नेमके काय आणि ती समाजाच्या अंगवळणी पडायला इतका वेळ का लागतो, याचे हे मुंबई-पुण्यात घडलेले उदाहरण आहे.

जंतूंआधी रोगाचे कारण काय मानले जाई?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील बहुतेक डॉक्टर साथींचे खापर ‘खराब हवे’वर फोडत. कुजलेला कचरा, दलदल, दाटीची वस्ती यांतून विषारी वाफा निघतात आणि त्यांतून रोग होतात, अशी ही समजूत होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि कॉलरा यांचा संबंध दाखवून दिला, तरी तो लगेच स्वीकारला गेला नाही. पुढे लुई पाश्चर यांनी सूक्ष्मजीव आपोआप निर्माण होत नाहीत हे सिद्ध केले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल वापरण्याची पद्धत मांडली. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा आणि १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. कॉलऱ्याच्या जंतूचा माग काढत ते कोलकात्यापर्यंत आले होते. एका रोगाला एक ठरावीक जंतू, ही नवी मांडणी होती. १८९४ मध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला. त्याच सुमारास जपानचे शिबासाबुरो कितासातो हेही हाँगकाँगमध्ये त्याच शोधात होते.

मुंबईत नेमके काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ताप आणि जांघेत, काखेत गाठी येऊन माणसे दगावू लागली. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत व्यवसाय करणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर रोजी हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या गोदामांचा आणि दाट चाळींचा भाग. माणसांआधी तिथे उंदीर मरून पडत होते, हे रहिवाशांनी पाहिले होते. साथ फैलावताच लाखो लोकांनी शहर सोडले. गिरण्या ओस पडल्या. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली.

सरकारी उपाय कोणत्या समजुतीवर ठरले?

अधिकाऱ्यांच्या तोंडी ‘जंतू’ हा नवा शब्द आला होता. पण उपाय जुन्याच समजुतीतून निघत होते. घाण, दमट भिंती, कोंदट हवा यांतच जंतू वाढतो असे धरून गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले. उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले काढली. काही घरांवर ‘राहण्यास अयोग्य’ या अर्थाची ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्यांना छावणीत नेले जाई. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आखताना समुद्राची हवा शहरात खेळावी, हाही हेतू होता. आज ज्या रस्त्यांवरून मुंबईकर जातात, त्यांच्या आखणीमागे ‘खराब हवे’ची समजूत अशी दडलेली आहे.

यातील अडचण अशी, की उंदीर या सगळ्यातून सुटत होते. एका घरातून हुसकलेले उंदीर शेजारच्या घरात जात आणि अंगावरच्या पिसवाही सोबत नेत.

पुण्यात संताप का उसळला?

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला आणि अधिकाऱ्यांना घरझडतीपासून सक्तीच्या विलगीकरणापर्यंत अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख डब्ल्यू. सी. रँड यांनी झडतीसाठी गोरे सैनिक वापरले. देवघरात आणि माजघरात शिरणारे सैनिक, स्त्रियांची तपासणी, रस्त्यावर फेकलेले किंवा जाळलेले सामान यांमुळे शहर धुमसत होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले, रँड काही दिवसांनी मरण पावले. मुंबईतही ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता.

या संतापाला त्या वेळी ‘अज्ञान’ म्हटले गेले. पण लोकांना उपचार नको होते असे नाही. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली. त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. लोकमान्य टिळकांनी पुण्यात प्लेगग्रस्तांसाठी रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. लोकांचा विरोध होता तो सक्तीला.

मग पिसूपर्यंत कोण आणि कसे पोहोचले?

पाश्चर संस्थेतर्फे आलेले फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांना दोन गोष्टी खटकल्या. काही रुग्णांच्या अंगावर एक बारीक फोड दिसे आणि त्यात प्लेगचे जंतू सापडत. ती किड्याच्या चाव्याची खूण असावी, असे त्यांना वाटले. दुसरे म्हणजे, नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्याला प्लेग होई. पण बराच वेळ पडून राहिलेल्या उंदरापासून सहसा धोका नसे. जंतू तर दोन्ही उंदरांत होते. फरक एवढाच, की अंग थंड पडले की पिसवा उंदराला सोडून दुसरीकडे जातात.

२ जून १८९८ रोजी कराचीत सिमाँ यांनी साधा प्रयोग केला. पिसवा असलेला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ शकत नव्हता, पिसू मात्र जाळीतून जाऊ शकत होती. काही दिवसांत दुसरा उंदीरही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू मिळाले. पिसवा नसताना हाच प्रयोग केला, तेव्हा लागण झाली नाही.

विशेष म्हणजे, याच्या आधल्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला होता. रोग एका जिवाकडून दुसऱ्याकडे किडा नेतो, ही कल्पना तेव्हा अगदी ताजी होती.

हे म्हणणे का नाकारले गेले?

सरकारने नेमलेल्या, प्रा. थॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय प्लेग आयोगाने पिसवांचा सिद्धान्त फेटाळला. माणसापासून माणसाला आणि दूषित कपडे, जमीन, सामान यांतून लागण होते, याकडेच तज्ज्ञांचा कल होता. सिमाँ यांचे प्रयोग मोजके होते आणि इतर काही संशोधकांना तसे निष्कर्ष मिळाले नव्हते. पिसवांच्या अनेक जाती असतात आणि प्लेग पसरवण्याची क्षमता सगळ्यांची सारखी नसते, हे तेव्हा पुरेसे स्पष्ट नव्हते. शिवाय चुना, कार्बोलिक आणि छावण्या यांवर सगळी यंत्रणा उभी राहिलेली होती. पिसू खरी मानली, तर त्यातला मोठा भाग निरुपयोगी ठरत होता.

शिक्कामोर्तब कसे झाले?

मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणारे डब्ल्यू. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडले. उंदीर मेल्यावर भुकेल्या पिसवा त्यांच्या अंगावर जमत आणि त्या पिसवांत प्लेगचे जंतू मिळत. १९०५ मध्ये नव्या आयोगाने परळला पद्धतशीर प्रयोग सुरू केले. काही प्राण्यांचे पिंजरे जमिनीलगत ठेवले, काही पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. हवा दोघांना एकच होती. पण वरचे प्राणी वाचले. ‘खराब हवे’चा दावा तिथे संपला. जंतूंमुळे पिसूची अन्ननलिका तुंबते, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि जंतू जखमेत ओकते, ही यंत्रणा १९१४ मध्ये ए. डब्ल्यू. बेकट आणि सी. जे. मार्टिन यांनी उलगडली.

त्यानंतर उपायांचा रोख बदलला. उंदरांचा बंदोबस्त, लसीकरण आणि घर तात्पुरते सोडणे यांवर भर आला. यातला शेवटचा उपाय अनेक खेड्यांत लोक आधीपासूनच करत होते. उंदीर पडू लागले की घरदार सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, ही त्यांची रीत होती. त्यांना पिसूचे ज्ञान नव्हते. पण निरीक्षण अचूक होते.

लसीची भूमिका काय होती?

वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये अपुऱ्या साधनांनिशी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. लस घेतलेल्यांत रुग्ण आणि मृत्यू कमी आढळले. तिसरे आगाखान यांनी अनुयायांचा विश्वास बसावा म्हणून स्वतः लस घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले.

याला ‘क्रांती’ का म्हणायचे?

विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी १९६२ मध्ये मांडले, की विज्ञान केवळ माहितीची भर पडून पुढे जात नाही. कधी कधी प्रश्न विचारण्याची चौकटच बदलते. त्यासाठी ‘पॅराडाइम शिफ्ट’ हा शब्द रूढ झाला. प्लेगच्या बाबतीत ‘कोणती जागा घाण आहे?’ हा जुना प्रश्न होता. ‘कोणता जंतू?’ हा प्रश्न आल्याने अर्धीच चौकट बदलली. ‘तो जंतू कोणाच्या अंगावरून, कोणत्या वाटेने येतो?’ हा प्रश्न पुढे आला, तेव्हा उपाय सापडला. पहिल्या प्रश्नात गरिबाचे घर आणि त्याच्या सवयी आरोपीच्या पिंजऱ्यात होत्या. तिसऱ्या प्रश्नाने तो आरोप बराचसा दूर केला.

हा विलंब महाग पडला. पहिल्या दोन-अडीच दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक बळी घेतले. पिसू लवकर मान्य झाली असती तर सगळे वाचले असते, असे म्हणता येत नाही. सगळ्या घरांतून उंदीर हटवणे सोपे नव्हते. पण चुकीच्या दिशेने केलेल्या सक्तीमुळे लोक रुग्ण लपवू लागले आणि सरकारवरचा त्यांचा विश्वास उडाला.

आज याचा संबंध काय?

मार्च २०२० मध्ये करोनासाठी भारतात जो साथरोग कायदा वापरला गेला, तो १८९७ चाच होता. साम्य एवढ्यावर थांबत नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना हवेतून पसरत नाही असे ठामपणे सांगितले. ती भूमिका पुढे बदलावी लागली. दरम्यान घरोघरी भाज्या धुणे आणि पिशव्या पुसणे सुरू होते, खिडक्या मात्र बंद होत्या. ‘खराब हवे’ची समजूत मोडून काढल्यानंतर १९१० च्या सुमारास चार्ल्स चेपिन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी हवेपेक्षा संपर्कावर भर दिला आणि वैद्यकात तोच विचार मुरला. त्यामुळे खरोखर हवेतून पसरणारा विषाणू आला, तेव्हा ते स्वीकारणे जड गेले. म्हणजे एका क्रांतीचे यशच पुढच्या वेळी अडसर ठरले. साथीच्या काळात तज्ज्ञांचा सल्ला बदलला की लोकांना तो गोंधळ वाटतो. पण पुराव्यानुसार सल्ला बदलणे हे विज्ञान चालू असल्याचे लक्षण आहे. मुंबईच्या प्लेगमध्ये पुरावा समोर आल्यानंतरही सल्ला बदलायला जी वर्षे लागली, त्यांची किंमत लोकांनी मोजली.