केस गळतायत की टोकाला तुटतायत? दोन न्हाण्यांच्या मधल्या दिवसांत कोरडी टोकं अशी सांभाळा

रविवारी न्हाऊन झालं की केस मऊ असतात. मंगळवार-बुधवारपर्यंत मात्र वेणीचं टोक काथ्यासारखं होतं, फणी अडकते आणि कंगव्यात तुकडे येतात. उन्हात कामाला जाणाऱ्या, बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांमध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते. ‘केस गळायला लागले’ म्हणून मग महागडं तेल आणलं जातं. पण अनेकदा केस मुळातून गळत नसतात, ते टोकाला तुटत असतात. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

आधी ओळखा : गळणं की तुटणं?

कंगव्यातला एक केस हातात घेऊन उजेडात बघा. केस पूर्ण लांबीचा असेल आणि एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळातून आलेला आहे. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं नैसर्गिक आहे. तुकडा आखूड असेल, गाठ नसेल, टोकाला दोन फाटे दिसत असतील, तर तो मधूनच तुटला आहे. त्यावर मुळाला तेल चोळून उपयोग नाही. काळजी टोकाची घ्यायला हवी.

टोकंच का कोरडी पडतात?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचं टोक जवळपास पाच वर्षांचं जुनं असतं. एवढ्या काळात त्याने ऊन, धूळ, साबण आणि फणी सगळं सोसलेलं असतं. केसावर कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची थर असते. ती टोकाशी झिजते आणि आतला ओलावा टिकत नाही. टाळूतलं नैसर्गिक तेल लांब केसांच्या टोकापर्यंत फारसं पोचत नाही.

त्यात पाणी जड असलं की भर पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अनेक बोअरचं पाणी जड असतं. साबणाला फेस येत नसेल, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसत असेल, तर आपलंही पाणी जड आहे असं समजावं. अशा पाण्यात अंगाचा किंवा कपड्याचा साबण डोक्याला लावला की त्याचा चिकट साका केसांवर बसतो आणि केस राठ लागतात. शाम्पू किंवा शिकेकाईचा असा साका होत नाही. म्हणून डोक्याला साबण नकोच.

तेल म्हणजे पाणी नव्हे

इथेच बहुतेकांची गल्लत होते. तेलामुळे केसात ओलावा येत नाही, असलेला ओलावा उडून जायला वेळ लागतो. कडक कोरड्या टोकावर तेल थापलं तर टोक तेलकट होतं, धूळ चिकटते, पण आतून ते कोरडंच राहतं. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा : आधी पाणी, मग तेल.

मधल्या दिवसांत काय करायचं?

१. रात्री झोपायच्या आधी वेणी सोडा. हात पाण्यात बुडवून केसांच्या शेवटच्या चार-सहा बोटांवर फिरवा. टोकं दमट व्हायला हवीत, पाणी ठिबकायला नको.

२. तीन-चार थेंब खोबरेल तेल तळहातावर चोळा आणि फक्त त्या दमट टोकांना लावा. केस खूप दाट असतील तर दोन थेंब जास्त. मुंबईतील एका तेल कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना होती. केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेल तेलाने कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं.

३. मोठ्या दातांच्या फणीने खालून वर विंचरा. आधी टोकाचा गुंता, मग मधला, शेवटी मुळाकडून. वरून एकदम फणी ओढली की सगळा ताण टोकावर येतो.

४. सैल वेणी घालून झोपा. पैशाच्या गड्डीला लावतात तसलं साधं रबर वापरू नका, ते केस कापतं. रिबीन किंवा कापडी बँड चांगला.

हे एक दिवसाआड केलं तरी पुरतं. नवीन काही आणावं लागत नाही.

शेतात जाताना

डोक्याला रुमाल किंवा स्कार्फ बहुतेक जणी बांधतात, पण वेणीचं टोक बाहेर लोंबत राहतं. दिवसभराचं ऊन, वारा आणि पाचटाची ओढ नेमकी त्यालाच लागते. म्हणून अंबाडा घालून टोक आत घ्या आणि मग रुमाल बांधा. गाडीवर मागे बसतानाही हेच करावं.

न्हाण्याच्या दिवशी

शाम्पू टाळूला लावा, टोकांना चोळू नका. खाली ओघळणारा फेस त्यांना पुरतो. मिळत असेल तर कंडिशनरची छोटी पुडी फक्त टोकांना लावून धुवा. पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणी साठवलं असेल तर शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या, ते मऊ असतं. ओले केस पंचाने फटाफट झटकू नका. ओला केस लवकर तुटतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबून पाणी टिपा.

फाटे फुटले असतील तर?

फुटलेलं टोक कुठल्याही तेलाने, सीरमने जुळत नाही. सीरम वरून गुळगुळीत लेप देतं, एवढंच. तीन-चार महिन्यांनी धारदार कात्रीने एक-दोन सेंटिमीटर टोकं कापावीत. कापल्याने केस जोरात वाढत नाहीत, कारण वाढ मुळाशी होते. पण फाटा वर चढत जाऊन केस मधूनच तुटणं थांबतं आणि लांबी टिकते. दोन वेण्या घालणाऱ्या शाळकरी मुलींचे केस ‘वाढतच नाहीत’ असं वाटतं, तिथेही बरेचदा कारण हेच असतं.

दवाखान्यात कधी जायचं?

कंगव्यात पांढऱ्या गाठीचे केस अचानक खूप येऊ लागले, टाळूवर चकते पडले, खाज-खपल्या वाढल्या, किंवा केसांसोबत थकवा, धाप, पाळीत जास्त रक्तस्राव असेल, तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. डॉक्टरांनी सांगितलं तर थायरॉईडचीही तपासणी करा. कोंडा असेल तर टाळूला तेल चोळू नये, त्याने कोंडा वाढू शकतो. टोकांना मात्र तेल चालतं.

आज रात्री कंगव्यातला एक केस उजेडात धरून बघा. बाटली घ्यायची, कात्री घ्यायची की दवाखाना गाठायचा, हे त्यावरून ठरवता येईल.