छापलेले संशोधनही मागे घेतले जाते

वैद्यकीय नियतकालिकात छापून आले म्हणजे ते कायमचे खरे, असे नसते. शोधनिबंधात किरकोळ चूक निघाली, तर नियतकालिक दुरुस्ती छापते. निष्कर्षावर भरवसाच उरला नाही, तर अख्खा निबंध मागे घेते.

मुळशीला लागून असलेल्या पुण्यातही हे घडले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांच्या २००५ च्या एका निबंधात जुन्याच निबंधातली चित्रे वापरल्याची तक्रार झाली. एका चौकशी समितीने संशोधकांना निर्दोष ठरवले. तरीही अमेरिकेतील नियतकालिकाने २००७ मध्ये तो मागे घेतला.

पण मागे घेतल्याची बातमी पहिल्या बातमीइतकी पसरत नाही. १९९८ मध्ये ब्रिटनच्या ‘लॅन्सेट’ने अवघ्या १२ मुलांवरचा निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीने मुलांना स्वमग्नता येते, अशी भीती त्यातून पसरली. तिथल्या अनेक पालकांनी लस टाळली, गोवर पुन्हा वाढला. निबंध मागे घ्यायला २०१० उजाडले. ती भीती आजही मोबाईलवर फिरते.

म्हणून कोणी ‘संशोधनात सिद्ध झालंय’ असा मेसेज दाखवला, तर विचारा: कोणते संशोधन, कोणत्या वर्षीचे, ते नंतर मागे घेतले का? उत्तर मिळाले नाही, तर मेसेज पुढे पाठवू नका. शंका आशाताईंना विचारा.

गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. बाळाचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहा.