समुद्र नसलेली खाडी

पावसाळ्यात भामरागडला कधी कधी पाऊस थांबलेला असतो, तरी पर्लकोटा नदीचं पाणी चढतच राहतं. पूल बुडतो, आलापल्लीचा रस्ता तुटतो, मग पाणी बाजारपेठेत शिरतं. काठावरून पाहणाऱ्याला चकित करणारं दृश्य पुढेच आहे. वाहत आलेलं सागाचं पान थबकतं, जागच्या जागी गिरकी घेतं आणि ज्या दिशेनं आलं तिकडेच हळूहळू माघारी निघतं.

याचं कारण संगमावर सापडतं. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. तिघींत इंद्रावती थोरली. ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावून, बस्तरभरचा पाऊस पोटात घेऊन ती इथवर येते. ती दुथडी भरली की धाकट्या नद्यांना पुढे वाट उरत नाही. पाणी तुंबतं आणि उलटं पसरतं. हाच फुगवटा. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यानं भामरागड पुन्हा पुन्हा पाण्याखाली घातलं. वाहतं पाणी गाळ उचलून नेतं, थांबलेलं पाणी तो खाली सोडतं. म्हणून असा पूर ओसरल्यावर घराघरांत बोटभर चिकट चिखल मागे राहतो आणि तो उपसण्यात माणसांचे दिवस जातात.

इंद्रावतीच्या जागी समुद्र ठेवा, की कोकणातली खाडी तयार! दाभोळला भरतीचं पाणी वाशिष्ठीत शिरतं आणि नदीला रेटत थेट चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत चढतं. हे रोज दोनदा घडतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला अधिक जोरानं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा वरून अफाट पाऊस येत होता आणि खालून भरतीनं त्याची वाट अडवली होती. भामरागडच्या माणसाला ही गोष्ट उलगडून सांगावी लागणार नाही.

मुळात कोकणातल्या खाड्या म्हणजे बुडालेल्या नद्यांची खोरीच. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती आणि किनारा कितीतरी पश्चिमेला होता. बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या दऱ्यांत घुसून तिथेच राहिला. भामरागडचा फुगवटा काही दिवसांत उतरतो. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांचा हजारो वर्षं उतरलेला नाही.

समुद्राचा याहून कितीतरी जुना वावर भामरागडशेजारच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगरात दिसतो. ठाकूरदेवाचा हा डोंगर लोहखनिजासाठी देशभर माहीत झाला, पण ते लोखंड आलं कुठून हे फार कमी वेळा सांगितलं जातं. तिथल्या पट्टेदार दगडाचा तुकडा हातात धरला तर लोखंडाचे काळपट-तांबडे आणि गारेचे फिकट थर एकाआड एक दिसतात. असे दगड दोन अब्ज वर्षांहून जुन्या समुद्रांच्या तळाशी साचले. त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं होतं. डोळ्यांना न दिसणारे जीव प्राणवायू सोडू लागले, तसं ते लोखंड गंजून तळाशी बसत गेलं.

आता त्या परिसरातला पाऊस बांडिया नदीतून इंद्रावतीत, तिथून सोमनूरला गोदावरीत जातो. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, पण तिथे तिच्या मुखाशी कोकणासारख्या खोल खाड्या नाहीत, कारण ती इतका गाळ आणत आली की समुद्रालाच मागे सरावं लागलं. तिच्या गाळातून काकिनाड्यासमोर गेल्या दोनेकशे वर्षांत सुमारे १६ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा वाढला. होप आयलंड म्हणतात त्याला. या दांड्यानं समुद्राचा एक तुकडा किनाऱ्यालगत कोंडून धरला आहे. त्या शांत, उथळ पाण्याच्या आडोशानं काकिनाडा बंदरातली जहाजं लाटांपासून सुरक्षित राहतात.