कळा सुरू होण्याआधी

२००३ सालची एक पहिलटकरीण मला अजून आठवते. विडी वळणारी, विशीतली, बाळंतपणासाठी सोलापुरात माहेरी आलेली. सातव्या महिन्यात रक्त तपासलं आणि एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. समुपदेशकाचं सगळं तिने मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, माझं सिझर करतील का? पोटातनं काढलं तर बाळाला लागत न्हाई म्हणतेत."

मी तेव्हा प्रसूतिकक्षात काम करत होते. हा प्रश्न पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या मागे राहिला, आणि त्याचं उत्तर मात्र दर काही वर्षांनी बदलत गेलं.

तिने जे ऐकलं होतं त्याला आधार होता. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपातला एक अभ्यास छापून आला. त्यात ठरवून सिझर करायच्या गटातल्या बाळांपैकी १.८ टक्के, तर नॉर्मल बाळंतपणाच्या गटातल्या १०.५ टक्के बाळांना लागण झाली होती. कारणही समजण्यासारखं आहे. आईकडून बाळाला होणाऱ्या लागणीचा मोठा वाटा बाळंतपणाच्या वेळचा असतो. कळांबरोबर वारेतून आईचं थोडं थोडं रक्त बाळाकडे जातं, पाणमोट फुटल्यावर बाळ आईच्या रक्ताच्या आणि स्रावांच्या संपर्कात येतं, आणि पाणी गेल्यावर दर तासाला धोका वाढत जातो. म्हणून सिझरचा उपयोग व्हायचा तर ते कळा सुरू होण्याआधी, पाणी जाण्याआधी व्हायला हवं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्यासाठी ३८वा आठवडा धरला. बारा तास कळा देऊन झाल्यावर केलेल्या सिझरने हे संरक्षण मिळत नाही, हे शेजारणीच्या सांगण्यातून नेहमीच गळायचं.

आता हे सोलापुरात बसवून पाहा. ३८ आठवडे मोजायला पाळीची तारीख नक्की हवी, आणि तिला आठवत होती ती नागपंचमी. सोनोग्राफी झाली तर उशिरा. हिमोग्लोबिन सात-आठ. अशा अंगावर मोठी शस्त्रक्रिया केली की ताप, जखम चिघळणं यांची भीती वाढते; प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर आणखीच. शिवाय गर्भाशयावरचा व्रण पुढच्या बाळंतपणालाही सोबत येतो, आणि ते पुढचं बाळंतपण कुठल्या गावात होईल याचा भरवसा नव्हता. युरोपातल्या बाईला जे वरदान ठरलं, ते आमच्या बाईला तितकंच सुरक्षित होतं असं मी कधीच म्हणू शकले नाही.

भारताने तेव्हा गोळीची वाट धरली. त्याच १९९९ साली युगांडातल्या कंपाला शहरातला अभ्यास आला होता: कळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि ७२ तासांच्या आत बाळाला थोडं औषध पाजायचं. एवढ्याने लागण जवळपास निम्म्यावर आली. महाराष्ट्र तेव्हा देशातल्या सर्वाधिक लागण असलेल्या सहा राज्यांत होता, आणि आमच्यासारख्या प्रसूतिकक्षांना ही गोळी म्हणजे पहिल्यांदा हातात आलेलं काहीतरी होतं.

त्या मुलीचं पाणी रात्री घरीच गेलं. घरच्यांनी आधी जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. फाइल उघडली, रिपोर्ट पाहिला आणि "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं. रिक्षातून आमच्याकडे पोचली तेव्हा उजाडलं होतं. सिझरने बाळ वाचवायची वेळ केव्हाच निघून गेली होती. मी गोळी दिली; ती पोटात जाऊन काम करायला जो वेळ लागतो तेवढाही तिला मिळाला की नाही, कोण जाणे. मुलगी झाली. औषध पाजलं. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून साध्या तपासणीचा पक्का निकाल अठरा महिन्यांनी. तोवर ती सासरी निघून गेली. त्या बाळाचा रिपोर्ट मला कधी कळला नाही.

ज्यांच्यापर्यंत गोळीसुद्धा पोचली नाही, अशी मुलं आपल्याच जिल्ह्यात वाढली. पंढरपूरजवळ मंगलताई शहा यांनी २००१ पासून 'पालवी'त अशा मुलांना घर दिलं. प्रसूतिकक्षात आम्ही कुठे उशिरा पोचलो, ते तिथे गेलं की दिसतं.

एका गोळीचं एक दुखणं पुढे कळलं. नेव्हिरॅपिन रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, आणि तेवढ्यात विषाणू त्याला सरावतो. मग आईच्या स्वतःच्या उपचाराची वेळ आली की तेच औषध तिला लागू पडेना. बाळासाठी दिलेल्या गोळीची किंमत आईने मोजली, हे मला फार लागलं. २०१४ पासून देशभर ही पद्धत बदलली. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की लगेच तिहेरी औषधं, आणि ती जन्मभर. पहिल्यांदाच उपचार बाळाइतकाच आईचाही झाला.

सिझरच्या प्रश्नाचं उत्तर फिरलं ते इथे. औषधं वेळेत सुरू झाली आणि रोज घेतली, तर बाळंतपणापर्यंत रक्तातला विषाणू इतका घटतो की सिझरने वेगळं काही पदरात पडत नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझर नको, बाळंतपणाचं नेहमीचं कारण असेल तरच करा, असं राष्ट्रीय मार्गदर्शनही सांगतं. तरी नातेवाईक विचारायचेच, "सिझर का करत नाही?" आणि काही डॉक्टर स्वतःच्या भीतीपोटी ते सुचवायचेही. मी रागावायची. हातमोजे सगळ्याच बाळंतपणांना घालायचे असतात. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७च्या कायद्याने मनाई केली, तो २०१८च्या सप्टेंबरात लागू झाला. त्या नर्सिंग होमच्या पायरीवरची रात्र आठवून मला तेव्हा भरून आलं होतं.

पण सिझर कायमचं मोडीत निघालं, असंही नाही. शेवटच्या आठवड्यांत विषाणू जास्त असेल, औषधं सुटली असतील किंवा नुकतीच सुरू झाली असतील, तर डॉक्टरांना आईच्या तब्येतीकडे बघून हा विचार पुन्हा करावा लागतो. आणि औषधं सुटतात ती कुठे? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळीत. बिऱ्हाड रानात, गोळ्या संपलेल्या, कार्ड गावी ट्रंकेत. आजार लपवायचा म्हणून मुकादमाकडे सुट्टीही मागता येत नाही.

म्हणून शेवटची काही वर्षं मी पहिल्याच भेटीत पाळीच्या तारखेनंतर लगेच आणखी एक गोष्ट विचारायची आणि फाइलच्या वरच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवायची: आठव्या महिन्यात तुम्ही कुठे असाल?